पहिली भेट हीच शेवटची समजून: कोल्हापुरातल्या नव्या समुपदेशकांसाठी

एम.ए. मानसशास्त्र किंवा एम.एस.डब्ल्यू. करून तुम्ही शाळेत, कॉलेजात, संस्थेत किंवा दवाखान्यात नुकतेच समुपदेशक म्हणून रुजू झाला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पुस्तकातला उपचारांचा आराखडा बारा-सोळा भेटींचा असतो. इथं राधानगरीहून एसटीनं आलेला माणूस दिवसाची हजेरी बुडवून येतो, परतीची गाडी चारची असते आणि सोबत आलेल्या मेव्हण्याला घाई असते. तो दुसऱ्यांदा येईलच याची खात्री नाही.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. मोशे टॅलमन या मानसशास्त्रज्ञानं १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका आरोग्य केंद्राच्या नोंदी तपासल्या. माणसं किती वेळा येतात, तर सगळ्यात जास्त वेळा आढळलेला आकडा होता एक. एकदाच आलेली ही माणसं नाराज होऊन गेली असतील, असा त्याचा अंदाज होता. त्यानं त्यांना फोन केले, तेव्हा बऱ्याच जणांनी सांगितलं की त्या एका भेटीनं काम झालं होतं.

म्हणून माझं नव्या मुलामुलींना सांगणं असतं: दर भेट अशी करा, की माणूस परत आला नाही तरी हातात काहीतरी घेऊन गेला पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबानं लिहिल्या आहेत. तंत्रं ढीगभर आहेत. सुरुवातीला चार-पाच नीट आली तरी पुष्कळ.

आधी हद्द आखून घ्या

आपण औषध देत नाही, औषध बंद करायलाही सांगत नाही आणि निदानाचा शिक्का मारत नाही. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावायची तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, म्हणून ती उगाच लावू नका. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या केंद्रीय कायद्यात समुपदेशनाचं क्षेत्रही आलं आहे. त्यामुळे आपली प्रमाणपत्रं, प्रशिक्षणाचे तास आणि मार्गदर्शकाच्या सह्या आतापासून नीट जपून ठेवा.

काही गोष्टी दिसल्या की तंत्रबिंत्र बाजूला ठेवायचं आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं. कोणी नसताना आवाज ऐकू येणं. तीन-चार रात्री झोप नाही तरी अंगात प्रचंड उत्साह आणि अवाच्या सवा खर्च. बाळंतपणानंतर बाळाबद्दल भलतेसलते विचार. रोजची दारू अचानक सोडल्यावर हात थरथरणं, घाम, भास. शेवटची गोष्ट फार जण हलक्यात घेतात. ‘सोडली ना, छान’ म्हणून पाठ थोपटतात, आणि दोन दिवसांनी माणसाला फिट येते. दारू सोडणं कौतुकाचं आहेच, पण रोज पिणाऱ्यानं ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची.

छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाचा, म्हणजे आपल्या सीपीआरचा, मानसोपचार विभाग कुठल्या वारी, किती वाजेपर्यंत चालतो, केसपेपर कुठं निघतो, हे स्वतः जाऊन पाहून या. ‘सीपीआरला जा’ एवढं सांगणं वेगळं आणि ‘या दारानं आत जा, या खिडकीत केसपेपर काढा’ हे सांगणं वेगळं. चंदगडहून आलेल्या माणसाला त्यानं फार फरक पडतो. टेबलावर आणखी चार नंबर असू द्यात: टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ (चोवीस तास, मराठीतही बोलता येतं), मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२.

पायरी १: खुर्च्या आणि नातेवाईक

आपल्याकडे माणूस एकटा क्वचितच येतो. सुनेला सासूबाई घेऊन येतात, पोराला काका. पुस्तक म्हणतं, क्लायंटला एकट्याला बसवा. पहिल्याच मिनिटाला सासूबाईंना बाहेर पाठवलंत, तर त्या सुनेला परत आणणार नाहीत. त्यामुळे पहिली दहा मिनिटं सगळ्यांना बसवा. ‘मावशी, तुम्ही इतक्या लांबून घेऊन आलात, तुम्हाला काय काळजी वाटते ते आधी सांगा.’ त्यांचं ऐकून घ्या आणि मग म्हणा, ‘आता माझी पद्धत अशी आहे की थोडा वेळ मी प्रत्येकाशी एकट्यानं बोलते.’ पद्धत म्हटलं की कुणाला राग येत नाही.

एकटं झाल्यावर गुप्ततेबद्दल सांगायचं, आणि खरं सांगायचं. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, पण जिवाला धोका असेल तर मी घरच्यांना किंवा डॉक्टरांना सांगेन. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पोक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं मला बंधनकारक आहे. हे आधी सांगितलं नाही आणि नंतर कळवावं लागलं, तर समोरच्याला तो दगा वाटतो.

कोल्हापूर तसं गावच आहे. आज खोलीत रडलेली बाई रविवारी महाद्वार रोडला तुमच्या समोर येणार. तिच्याबरोबर नणंद असणार. म्हणून आधीच ठरवून घ्या: ‘बाहेर दिसलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही बोललात तरच बोलेन. राग मानू नका.’ हे ऐकल्यावर माणसं सैल होतात. तुमच्या ओळखीतल्याच घरातलं कुणी आलं, तर सरळ दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवा. पाहुणे-रावळे तपासायचे म्हटले तर इथं चौथ्या वाक्याला नातं निघतं.

पायरी २: ऐकणं, आणि सल्ला गिळणं

कार्ल रॉजर्सनं १९५७ साली एका निबंधात माणूस बदलण्यासाठी काय लागतं ते मांडलं. त्यात समुपदेशकाकडून तीन गोष्टी हव्यात: समोरच्याचं जग त्याच्या जागेवरून समजून घेणं, अटी न घालता त्याला स्वीकारणं आणि स्वतः खोटं न वागणं. सत्तर वर्षं होत आली, पद्धती बदलल्या, पण हा पाया कुणी उखडलेला नाही.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं? समजा, एक जण म्हणतो, ‘काय न्हाई मॅडम, नुसतं टेन्शन. घरात गेलं की डोकं फिरतंय बघा.’

नवा समुपदेशक म्हणतो, ‘टेन्शन घेऊ नका, सकाळी रंकाळ्यावर फिरायला जात जा.’ बोलणं तिथंच संपतं. फिरायला जा हे त्याला बायकोनं, भावानं आणि पानपट्टीवाल्यानंही सांगून झालेलं असतं.

त्याऐवजी म्हणा, ‘कामावर असताना तेवढं नाही. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की सुरू होतं.’ आणि गप्प बसा. प्रश्नसुद्धा विचारू नका. दहातले आठ जण पुढचं वाक्य स्वतः बोलतात, आणि खरा विषय बहुतेक त्याच वाक्यात असतो.

यात तीन गोष्टी घोटून घ्या. त्यानं वापरलेलाच शब्द वापरा: तो ‘डोकं फिरतंय’ म्हणाला असेल तर तुम्ही ‘चिडचिडेपणा’ म्हणू नका. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न टाळा, ते चौकशीसारखे लागतात, ‘कधी’, ‘कसं’, ‘मग काय झालं’ चालतं. आणि दर दहा-बारा मिनिटांनी ऐकलेलं दोन वाक्यांत परत सांगून ‘बरोबर ऐकलं ना मी?’ असं विचारा. चूक असेल तर तो दुरुस्त करतो, आणि त्या दुरुस्तीतच पुष्कळ कळतं.

शांततेची भीती नव्या माणसाला फार असते. खोलीत कुणी अर्धा मिनिट बोललं नाही की घाईनं काहीतरी विचारलं जातं. समोरची व्यक्ती खाली बघून विचार करत असेल, तर थांबा. ती तुमच्याकडे बघायला लागली की मग बोला.

पायरी ३: जिवाबद्दल थेट विचारा

ही पायरी कधीच गाळायची नाही, अगदी ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ म्हणून आलेल्या मुलाच्या बाबतीतही नाही. विचारल्यानं आत्महत्येचा विचार डोक्यात घुसतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला सुटल्यासारखं वाटतं.

शब्द साधे ठेवा: ‘एवढा त्रास चालला की काही जणांना जगणं नकोसं होतं. तुमच्या मनात कधी तसं आलं?’ हो म्हणाले तर दचकू नका. कधी आलं, शेवटचं कधी, कसं करायचं ठरवलं होतं, ते साधन घरात आहे का, आणि तेव्हा कशामुळे थांबलात, हे क्रमानं विचारा. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण त्याचं उत्तर म्हणजेच तुमचा पुढचा आधार. पोरगी, म्हातारी आई, गोठ्यातली म्हैस, काहीही असू शकतं.

आपला जिल्हा शेतीचा. तणनाशक आणि कीटकनाशक घरोघरी, कधी पलंगाखाली. ती बाटली हाताशी नसणं यानं जीव वाचतो, कारण मरणाच्या विचाराची तीव्र लाट बहुतेक वेळा काही तासांत ओसरते. घरच्यांना विश्वासात घेऊन ही फवारणीची औषधं भावकीतल्या दुसऱ्या घरी कुलपात ठेवायला लावा. मग एका कागदावर सुरक्षेचा आराखडा लिहा. त्रास वाढू लागल्याच्या खुणा कोणत्या, स्वतः काय करणार, कुणाजवळ जाऊन बसणार, कुणाला फोन करणार आणि १४४१६. हा कागद त्यांच्या शब्दांत आणि त्यांच्याच खिशात असायला हवा. ‘मी जिवाचं काही करणार नाही’ असं लिहून घेऊन सही घेण्याची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. तिचा उपयोग होत नाही. झालाच तर समुपदेशकाला झोप लागते एवढाच.

कुणी प्रयत्न करून वाचलेला असेल आणि घरचे पोलिसांच्या भीतीनं लपवत असतील, तर त्यांना सांगा: २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५व्या कलमानुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही.

उदासी मोजायला पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीत मिळते. एकूण गुण २७, आणि १० किंवा जास्त आले तर लक्ष द्यायचं. नववा प्रश्न जिवाबद्दलचा आहे, तो आधी बघा. वाचता न येणाऱ्याच्या हातात कागद देऊन त्याला लाजवू नका, तुम्ही वाचून दाखवा.

पायरी ४: एकच धागा धरा

इथं लघुउपचारांची, म्हणजे थोड्या भेटींत संपणाऱ्या उपचारांची, खरी गंमत सुरू होते. स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या जोडप्यानं १९७८ साली अमेरिकेत मिलवॉकी इथं आपलं केंद्र काढलं. काचेमागून भेटी बघत, कुठल्या प्रश्नानं माणूस हलतो याच्या नोंदी करत त्यांनी उपायकेंद्री पद्धत घडवली. त्रास कशामुळे सुरू झाला हे खणत बसण्यापेक्षा त्रास कमी असतो तेव्हा काय वेगळं चाललेलं असतं ते शोधायचं, ही तिची दिशा.

पहिला प्रश्न असा: ‘आज इथून निघताना काय झालेलं असलं तर येणं कामी लागलं असं वाटेल?’ ‘सगळं नीट व्हावं’ असं उत्तर आलं तर बारीक करत न्या. ‘सगळं नीट झालं, हे तुमच्या बायकोला पहिल्यांदा कशावरून कळेल?’ ‘घरात आल्या आल्या मी मोबाईल घेऊन माडीवर जाणार न्हाई.’ झालं, ध्येय मिळालं.

दुसरं साधन अपवादाचं. ‘गेल्या पंधरा दिवसांत असा एखादा दिवस गेला का, की त्रास व्हायला हवा होता पण झाला नाही?’ माणसं आधी नाही म्हणतात. थांबलात की आठवतं.

तिसरं मोजपट्टीचं. हे आपल्याकडे झकास चालतं. समजा, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काम करणारा चाळिशीचा माणूस आहे. रात्रपाळी, गाडीचा हप्ता, झोप नाही.

‘शून्य म्हणजे अगदी वाईट, दहा म्हणजे तुम्हाला हवं तसं. आज कुठं आहात?’
‘दोन.’
‘दोन. मग शून्य का नाही?’
‘शून्य कसं म्हणायचं? कामावर तर जातोय की. खाडा न्हाई केलेला.’
‘एवढं जागरण आणि खाडा नाही. हे कसं जमवलंत?’
‘...पोरगी दहावीला हाय.’
‘बरं. आणि दोनाचे तीन झाले, तर काय वेगळं दिसेल?’
‘आल्यावर दोन तास तरी सलग डोळा लागंल.’

नवे लोक ‘दहा का नाही?’ असं विचारून बसतात, आणि मग उणिवांची यादी सुरू होते. ‘शून्य का नाही’ असं विचारलं की माणूस स्वतःची ताकद स्वतःच्या तोंडानं सांगतो. आणि पुढची पायरी एकाच आकड्याची ठेवायची. वयस्कर बायाबापड्यांना दहाची पट्टी परकी वाटते. त्यांना ‘रुपयातले किती आणे?’ असं विचारा, ‘सहा आणे हाय बघा’ असं चटकन उत्तर येतं.

चमत्काराचा प्रश्न तुम्ही ऐकला असेल: रात्री झोपेत चमत्कार झाला आणि त्रास गेला, सकाळी काय वेगळं दिसेल? इथं कुणी म्हणेल, ‘जोतिबाच्या मनात आलं तर हुईल.’ वाद घालू नका. ‘जोतिबानं ऐकलं असं समजू. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय कराल?’ असं पुढे न्या. मात्र नुकतंच घरातलं कुणी गेलं असेल, तर हा प्रश्न कृपा करून विचारू नका. त्याचं एकच उत्तर असतं, आणि ते कुणाच्याच हातात नसतं.

पायरी ५: विचार तपासणं, आणि त्याआधी हातपाय हलवणं

अल्बर्ट एलिसनं १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला आणि १९६०च्या दशकात ॲरन बेकनं बोधात्मक उपचार विकसित केले. घटना आणि भावना यांच्या मध्ये आपला विचार बसलेला असतो, तो पकडायचा, हे दोघांचं सूत्र. मराठी वाचकाला हे नवं नाही. किशोर फडके यांनी एलिसची पद्धत मराठीत आणली, आणि ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थनं ती प्रशिक्षणातून पसरवली. मराठीतून शिकायची सोय असताना इंग्रजी शब्दांच्या कुबड्या घेत बसू नका.

शंभर पानी वहीत तीन रकाने आखा: काय झालं, मनात काय आलं, काय वाटलं. स्पर्धा परीक्षेत तिसऱ्यांदा राहिलेली मुलगी दुसऱ्या रकान्यात लिहिते, ‘मी घराण्याचं नाक कापलं.’ आता ‘हा विचार अविवेकी आहे’ असं तिला सांगायला जाऊ नका. वाद होतो आणि ती जिंकते, कारण तिच्याकडे पुरावे जास्त आहेत! तिलाच तपासू द्या: घराण्यातल्या नेमक्या कुणाचं? कोण काय म्हणालं? तुझी धाकटी बहीण नापास झाली असती तर तिला हेच वाक्य म्हणाली असतीस का?

पण माणूस फार उदास असेल तर रकान्यांचा उपयोग होत नाही. त्याला वही उघडायचीच ताकद नसते. अशा वेळी बिहेव्हिअरल ॲक्टिव्हेशन वापरा, म्हणजे मन लागण्याची वाट न बघता आधी एक छोटं काम ठरल्या वेळी करायचं. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत याच तत्त्वावर काम केलं, आणि बऱ्यापैकी तीव्र नैराश्यातही फरक पडल्याचा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. मला कुणी विचारलं की नव्यानं एकच तंत्र शिकायचं तर कुठलं, तर मी हेच सांगेन. काम इतकं लहान ठरवा की हसू यावं: सकाळी सातला दारात खुर्ची टाकून चहा घ्यायचा, एवढंच. दुधाच्या किटल्या घेऊन गोठ्यात जाणारी बाई ते बंद करून अंथरुणात पडली असेल, तर ‘एकाच म्हशीची धार’ हे पहिल्या आठवड्याचं काम.

पायरी ६: रंग, वाळू, ओव्या

कलानगरीत राहून आपण नुसत्या बोलण्यावर अवलंबून राहावं, हे मला पटत नाही. लहान मुलं, कमी बोलणारे पुरुष आणि ज्यांच्याकडे त्या अनुभवासाठी वाक्यच नाही अशी माणसं, यांना हाताला काहीतरी दिलं की मोकळं होता येतं.

पण एक ताकीद आधी. चित्र म्हणजे एक्स-रे नव्हे. काळा रंग वापरला म्हणजे नैराश्य, घराला दार काढलं नाही म्हणजे एकटेपणा, असले अर्थ एक दिवसाच्या कार्यशाळांत फार वाटले जातात. त्या मुलाकडे काळाच खडू उरला असेल! चित्राचा अर्थ काढणाऱ्यालाच विचारा: ‘यातलं मला काहीतरी सांग.’ ‘हे इथं एकटं बसलंय, ते काय म्हणत असेल?’ आणि कौतुक चित्राच्या सुबकपणाचं करू नका, नाहीतर पोरं तुमच्यासाठी छान चित्र काढायला लागतात.

मार्गारेट लोवेनफेल्डनं लंडनमध्ये १९२०च्या दशकाच्या अखेरीस वाळूचा ट्रे आणि छोट्या वस्तू मुलांपुढे ठेवल्या. मुलंच त्याला ‘जग’ म्हणू लागली. पुढे डोरा काल्फनं स्वित्झर्लंडमध्ये ती पद्धत वाढवली. परदेशी साहित्य महाग पडतं, पण त्याची गरज नाही. मोठी परात किंवा उथळ लाकडी खोकं आणि चाळून धुतलेली वाळू घ्या. बेंदराला मिळणारे मातीचे बैल, जत्रेतली भातुकली, प्लॅस्टिकची माणसं, एक ट्रॅक्टर, एखादं देऊळ, एखादा साप त्यात ठेवा. ‘तुझं जग इथं मांड’ एवढं सांगायचं आणि बघत बसायचं. मोडतोड झाली तरी अडवायचं नाही. शेवटी मांडणी तुम्ही उचला, मूल गेल्यावर. त्याच्या देखत जग मोडू नये.

रागीट म्हणून आणलेल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांची नॅरेटिव्ह पद्धत बघा. त्रास वेगळा आणि माणूस वेगळा, हे तिचं मर्म. ‘तू रागीट का?’ असं न विचारता रागाला नाव द्यायला सांगा. तो म्हणाला ‘भडका’. मग, भडका कधी येतो? येण्याआधी पोटात काही होतं का? तुला कशात अडकवतो? तू त्याला कधी हरवलंयस? मुलगा एकदम तज्ज्ञ होतो. हेच मोठ्यांनाही चालतं. समजा, गुडघा जायबंदी होऊन तालीम सुटलेला पोरगा ‘मी संपलो’ म्हणतोय. ‘हा “संपलो”वाला आवाज पहाटे चारला जास्त बोलतो की दुपारी?’ असं विचारा. पहाटे चार ही त्याची जोर मारायची वेळ होती. तिथून वस्तादांचं, गटातल्या बारक्या पोरांचं आणि शिकवण्याचं बोलणं निघू शकतं.

लिहिण्याचा प्रयोग जेम्स पेनेबेकरनं १९८६ साली प्रसिद्ध केला: रोज पंधरा मिनिटं, सलग चार दिवस, मनातलं खोलवरचं लिहायचं. शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, हवं तर फाडून टाकायचं. घटना ताजी असेल तर हे देऊ नका, काही आठवडे जाऊ द्या. लिहिता येत नसेल तर मोबाईलवर बोलून ठेवता येतं, अर्थात तो फोन घरात आणखी कुणाच्या हातात जात नसेल तरच. जुन्या बायकांना जात्यावरच्या ओव्या येतात. ‘तुमच्या आईची एखादी ओवी आठवते का?’ म्हटल्यावर जी ओवी बाहेर येते, तिच्यातून त्या माहेराबद्दल जेवढं सांगतात तेवढं सरळ प्रश्नाला सांगत नाहीत.

रिकाम्या खुर्चीचं तंत्र, म्हणजे समोरच्या खुर्चीत कुणीतरी बसलंय असं मानून त्याच्याशी बोलणं, हे मोरेनोच्या मनोनाट्यातून आलं आणि फ्रिट्झ पर्ल्सनं प्रसिद्ध केलं. दिसायला भारी आहे, म्हणून नव्यांना त्याचा मोह होतो. मार्गदर्शकाशिवाय करू नका. उघडलेलं बंद करायला वेळही लागतो आणि हातही सरावलेला लागतो, आणि चारच्या एसटीच्या आधी ते जमत नाही.

पुराच्या दिवसांत

२०१९ आणि २०२१चा महापूर शिरोळ, करवीर, हातकणंगलेतल्या घरांत अजून आहे. जुलैत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकल्याची बातमी आली, की काही जणांची झोप उडते, छातीत धडधडतं. ही भीती अवास्तव नाही, त्यामुळे ‘विचार तपासा’ इथं लावू नका. आधी तयारीचं बोला: कागदपत्रांची पिशवी कुठं आहे, जनावरं कुणाच्या गोठ्यात न्यायची, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट न बघता म्हातारीला कधी हलवायचं? आराखडा कागदावर आला की धडधड पुष्कळ उतरते. उरलेल्यासाठी जमिनीवर आणणारा सराव: दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्श होणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक.

प्रत्यक्ष निवारा केंद्रात गेलात तर तिथं थेरपी करायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली दिलेली मानसिक प्रथमोपचाराची चौकट पाळा: बघा, ऐका, जोडून द्या. कोरडे कपडे, औषधाची गोळी, हरवलेल्या नातेवाईकाचा फोन हे आधी. ‘काय काय झालं ते सगळं सांगा’ असा आग्रह धरू नका. घटनेनंतर लगेच सक्तीनं सगळं बोलायला लावण्यानं फायदा होत नाही, काहींना त्रास वाढतो.

पायरी ७: भेट बंद करताना

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. घड्याळ तुमच्या नजरेच्या टप्प्यात असू द्या, त्यांच्या नको. आधी, त्यांच्याकडून ऐकलेली ताकदीची एक गोष्ट त्यांना परत सांगा, नेमक्या शब्दांत: ‘खाडा न करता दोन महिने काढलेत, पोरीच्या दहावीसाठी.’ नुसतं ‘तुम्ही खूप खंबीर आहात’ म्हटलं तर ते कानाजवळून जातं. मग एकच काम ठरवा आणि चिठ्ठीवर लिहून द्या. चिठ्ठीवर आजाराचं नाव, संस्थेचा शिक्का काहीही नको, ती घरात सापडते. मग विचारा, ‘आज कशाचा उपयोग झाला, आणि कशाचा नाही?’ दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाला आदरापोटी ‘सगळं चांगलं’ म्हणतात. थोडं हसून पुन्हा विचारा.

परत येण्याची तारीख लादू नका, दार उघडं ठेवा. फोन केलेला चालेल का, कुठल्या नंबरवर, किती वाजता आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं, हे ठरवून घ्या. देवऋषाकडे जाणार असतील तर टिंगल नको. मारहाण, उपासमार, साखळी असलं काही नसेल आणि डॉक्टरांच्या गोळ्या चालू राहणार असतील, तर तो त्यांचा आधार आहे. मारहाण असेल तर २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो नीट समजावून सांगा.

माणूस गेला की लगेच पाच ओळी लिहा: तारीख, त्यांच्या शब्दांत त्रास, जिवाच्या प्रश्नाचं उत्तर, काय केलं, काय ठरलं. वही कुलपात.

पहिल्या तीन महिन्यांचा सराव

मार्गदर्शक शोधा, पैसे देऊन का होईना, आणि महिन्यातून एकदा तरी एक भेट शब्दशः लिहून त्यांच्यापुढे ठेवा. ‘मी समानुभूती दाखवली’ असलं नको. तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, असं नाटकाच्या संहितेसारखं लिहा. बॅचमधल्या दोघा-तिघांना घेऊन आठवड्यातून एक संध्याकाळ खोटी भेट करून बघा: एक क्लायंट, एक समुपदेशक, तिसरा वही घेऊन मोजणारा. प्रश्न किती, ऐकलेलं परत सांगितलं किती वेळा आणि सल्ले किती, असे तीन रकाने. सल्ल्यांचा रकाना सगळ्यात भरलेला निघाला, तर पुढचा आठवडा तंत्रांची पुस्तकं मिटवून ठेवायची आणि फक्त दुसरी पायरी करायची.